रंग धुण्यावर टिकतो: झिंक फॉस्फेटिंग, टाकीटाकीने

चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलेला माल तीन महिन्यांत परत आला. पंपाखाली बसवायच्या लोखंडी चौकटी होत्या, आम्हीच फॉस्फेट करून, म्हणजे रंग धरायला लोखंडावर स्फटिकांचा थर देऊन, त्यावर पावडर (भाजून पक्का करायचा कोरडा रंग) मारून दिलेल्या. लांबून बघितलं तर रंग झकास. जवळ जाऊन नख लावलं की पापडाचा पदर सुटावा तसा निघायचा, आणि खाली बारीक फोड, फोडाच्या पोटात ओला तांबडा ठिपका. मी दोन दिवस फॉस्फेटच्या टाकीशीच झटत होतो. टोनर (थर लवकर बसवणारं रसायन) तपासला, ॲसिड तपासलं, केमिकलवाल्याशी फोनवर भांडून झालं. तिसऱ्या दिवशी आमचा खानापूरकडचा जुना हेल्पर चहा पिता पिता म्हणाला, "मालक, ॲसिडनंतरचं पाणी बदलून पंधरा दिवस झाले की ओ."

त्या पाण्यात पट्टी बुडवली तर पीएच २ निघाला. म्हणजे ॲसिड धुवायच्या टाकीत आम्ही जॉब परत पातळ ॲसिडमध्येच बुडवत होतो. मीठाच्या आम्लातला (हायड्रोक्लोरिक ॲसिड) क्लोराइड तिथून पुढच्या टाक्यांत गेला, रंगाखाली अडकला आणि गोव्याच्या दमट हवेने उरलेलं काम केलं. चूक सगळी माझी. तेव्हापासून कुणी फॉस्फेटिंगबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, पाणी कधी बदललं?

हा लेख बेळगाव भागात, उद्यमबाग, मच्छे, होनगा, निपाणी, चिक्कोडीकडे लहानसं पावडर कोटिंग किंवा स्प्रे पेंटिंगचं युनिट चालवणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या कारखान्यात कन्व्हेयर असतो, केमिस्ट असतो, त्यांना याची गरज नाही. आपल्याकडे सात-आठ टाक्या, एक होइस्ट (माल उचलायची साखळी), दोन पोरं आणि मालक स्वतः.

आधी एक घोळ मिटवू

दुकानात "झिंक फॉस्फेट" म्हणून डबा मागितला की बरेचदा झिंक फॉस्फेट प्रायमर हातात पडतो. तो रंग आहे. त्यात झिंक फॉस्फेटची पूड गंजरोधक म्हणून घातलेली असते आणि तो ब्रशने किंवा गनने मारायचा असतो. इथे ज्याबद्दल बोलतोय ती रासायनिक प्रक्रिया, जिच्यात लोखंडाच्या अंगावरच स्फटिकांचा थर उगवतो. दोन्ही एकावर एक चालतात, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. गेट-ग्रिलवाले जे "थ्री इन वन" द्रावण चिंधीने पुसतात ते तिसरंच: तेल काढणं, गंज काढणं आणि थोडं फॉस्फेट एकाच फटक्यात. घराच्या ग्रिलला ठीक आहे, पुसून नीट कोरडं केलं तर. मशिनच्या पार्टला ते करून "फॉस्फेट केलंय" असं चलनावर लिहू नये.

थर कसा बसतो

फॉस्फेटच्या टाकीत झिंक फॉस्फेट हे फॉस्फोरिक ॲसिडमुळे विरघळलेल्या अवस्थेत असतं. जॉब आत गेला की मोकळं ॲसिड लोखंडाला किंचित खातं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. त्या खाण्यात ॲसिड खर्ची पडतं, त्यामुळे लोखंडाला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात पीएच वाढतो. तिथे झिंक फॉस्फेटला विरघळून राहणं जमत नाही, ते स्फटिक होऊन जागच्या जागी बसतं. या स्फटिकाला होपाइट म्हणतात, आणि त्यात लोखंडही शिरलं असेल तर फॉस्फोफिलाइट. म्हणजे थराचा काही भाग जॉबच्या स्वतःच्या लोखंडातून आलेला असतो. चिकटतो तो म्हणूनच.

सगळं लोखंड झाकलं गेलं की खायला काही उरत नाही आणि प्रक्रिया आपोआप मंदावते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे करंट गेल्यावर कामाला येते.

थॉमस कॉसलेट या इंग्रजाने लोखंडाला फॉस्फेट करण्याचं पेटंट १९०६ साली घेतलं. त्या काळी उकळत्या द्रावणात जॉब तासन्‌तास ठेवावे लागत. आज तीन ते पाच मिनिटांत काम होतं ते टोनरमुळे. टोनर म्हणजे बहुतेक वेळा सोडियम नायट्राइट. तो पृष्ठभागावरचा हायड्रोजन हटवतो आणि विरघळलेल्या लोखंडाचं रूप बदलतो, ते लोखंड मग फॉस्फेटचा गाळ होऊन तळाशी बसतं. तेव्हा टाकीत गाळ होतोय म्हणून केमिकल खराब असा निष्कर्ष काढू नका. गाळ होणारच. प्रमाणाबाहेर होत असेल तर कारण शोधायचं.

रंगाखाली थर हवा साधारण १.५ ते ४.५ ग्रॅम प्रति चौरस मीटर. जाड म्हणजे चांगला, हा समज आपल्याकडे फार. जाड थर रंग पितो, चमक मारतो आणि पत्रा वाकवला की स्फटिक मोडून रंगासकट सुटतो. नट-बोल्टला तेल धरून ठेवण्यासाठी जो भरभक्कम थर देतात त्याचं द्रावण वेगळं असतं. भारतीय मानकांपैकी आयएस ३६१८ आणि आयएस ६००५ हे दोन या विषयाचे. ऑर्डरीवर यांपैकी कशाचा उल्लेख असेल तर भाव सांगण्याआधी वाचून घ्या.

कोणता माल घ्यावा

सीआर (थंड लाटलेला) पत्रा सगळ्यात सोयीचा. एचआर (गरम लाटलेल्या) पत्र्यावर आणि अँगल-चॅनलवर निळसर काळा मिल स्केलचा पदर असतो, तो गेल्याशिवाय फॉस्फेट बसत नाही, म्हणजे ॲसिड किंवा शॉट ब्लास्टिंग (बारीक लोखंडी गोळ्यांचा मारा) आलंच. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला झिंक फॉस्फेट छान बसतं, पण तो चुकूनही ॲसिडच्या टाकीत घालू नका, जस्त मिनिटात उडेल. स्टेनलेसवर काहीच होत नाही. ॲल्युमिनियमला फ्लोराइड असलेलं द्रावण लागतं, आणि साध्या टाकीत ॲल्युमिनियम बुडवत राहिलात तर विरघळलेलं ॲल्युमिनियम पुढच्या लोखंडी मालाचाही थर बिघडवतं. ओळखीचा माणूस "दोनच पीस आहेत, घाला की" म्हणत येतो, त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

पहिली टाकी: तेल काढणं

डीग्रीसिंगचं द्रावण अल्कलीचं, ६० ते ७० अंशाला, दहा ते पंधरा मिनिटं. प्रमाण डब्याच्या पत्रकात असतं ते पाळा. इथे दोन सवयी लावून घ्या. एक, सकाळी हीटर चालू करण्याआधी वर तरंगलेलं तेल काढायचं. रात्रभर टाकी थंड झाली की तेल साय धरल्यासारखं वर येतं, हीटर आणि ढवळणं सुरू झालं की ते परत द्रावणात मिसळतं आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक जॉबला लागतं. दुसरी, वेल्डिंगवाल्याने कोणता अँटी-स्पॅटर स्प्रे (वेल्डिंगचे शिंतोडे चिकटू नयेत म्हणून मारायचा) वापरलाय ते विचारायचं. त्यात सिलिकोन असेल तर डीग्रीसिंगला ते दाद देत नाही, आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

तेल गेलं की नाही हे ठरवायला यंत्र लागत नाही. जॉब धुऊन उभा धरा. पाणी अर्धा मिनिट सलग चादरीसारखं राहिलं तर तेल गेलं. मध्येच फाटून थेंब झाले, अळवाच्या पानावर होतात तसे, तर परत पहिल्या टाकीत. डोळ्यांनी चकचकीत दिसणं हा पुरावा नव्हे.

खंडेनवमीला आम्ही टाक्यांची पूजा करतो. एका वर्षी डीग्रीसिंगच्या टाकीच्या काठावर लावलेली हळद बघता बघता लालभडक झाली. पोरं म्हणाली देवीचा कौल. कौल अल्कलीचा होता, हळदीत चुना मिसळला की ती लाल होते तसाच. पण त्यातून एक कामाची गोष्ट निघाली. डीग्रीसिंगनंतरच्या पाण्याचा थेंब हळदीच्या कागदावर टाकायचा. लाल झाला तर पाण्यात अजून साबण आहे, पाणी वाढवा. पट्ट्या संपल्या की आजही आम्ही हेच करतो. फक्त पूजेची समई टाकीपासून लांब ठेवा, तेलाचा एक ओघळ आत गेला तर सगळा लॉट वाया.

ॲसिड

गंज नसेल तर ही टाकी ओलांडा. खरं तर गंजलेला पत्रा आत घ्यायचाच नाही हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण गिऱ्हाईक कुठे ऐकतं.

मीठाचं आम्ल बाजारात सुमारे ३० ते ३३ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घेऊन त्यात ते ओतलं की साधारण १५ टक्क्यांचं द्रावण होतं. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. इनहिबिटर घालायलाच हवा, नाहीतर गंज गेल्यावर ॲसिड चांगलं लोखंड खात बसतं. पाच ते पंधरा मिनिटांत काम व्हावं. त्याहून जास्त लागत असेल आणि द्रावण गडद हिरवं झालं असेल तर ते संपलंय. टाकी एफआरपीची (फायबर) किंवा पीपीची (प्लास्टिक), इथे स्टेनलेस चालत नाही. आणि ही टाकी शेडच्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी, वर वाफ ओढणारा पंखा हवा. आमच्या जुन्या शेडमध्ये ॲसिडची वाफ सुकवायच्या ओव्हनकडे जायची, आणि फॉस्फेट होऊन टांगलेल्या जॉबवर सकाळपर्यंत पिवळट झाक यायची.

फॉस्फोरिक ॲसिड महाग पडतं, सावकाश चालतं, थोडं गरम करावं लागतं. पण त्यात क्लोराइड नाही. गोवा-कोकणात जाणारा माल असेल तर मी आता तेच वापरतो. स्प्रिंग, कडक केलेले पिन असले जॉब मीठाच्या आम्लात घालू नका. सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि जॉब लोड आल्यावर काचेसारखा तुटतो. त्यांना शॉट ब्लास्टिंग.

पाणी

आता मुद्द्याचं. सात टाक्यांत तीन टाक्या पाण्याच्या असतात, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

जॉब टाकीतून बाहेर येताना अंगावर द्रावण घेऊन येतो. पाइप, बॉक्स सेक्शन, कपासारखे जॉब तर लोटाभर घेऊन येतात. म्हणून आधी टांगण्याकडे लक्ष द्या. तोंड खाली, निथळायचं भोक सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, आणि टाकीवरच अर्धा मिनिट धरून निथळू द्या. आमच्याकडे हे अर्धं मिनिट मोजणारा पोरगा कन्नड बोलणारा. होइस्टवाल्याला "साकु" म्हणून तोच ओरडतो, त्याने ओरडल्याशिवाय साखळी हलत नाही. या एका गोष्टीने पाण्याचं आयुष्य वाढलं आणि केमिकलही वाचलं.

जमेल तिथे पाण्याच्या दोन टाक्या ठेवा. ताजं पाणी दुसरीत सोडायचं, दुसरीचं ओसंडून पहिलीत, पहिलीचं बाहेर. जॉब उलट दिशेने जातो, आधी मळक्या पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात. तेवढ्याच पाण्यात धुणं कितीतरी चांगलं होतं.

किती मळलं की बदलायचं? टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) काही फार महाग नाही. आधी येणाऱ्या पाण्याचं माप घ्या, कारण आपल्या भागात पाणी गावागावाला बदलतं. खानापूरकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ, आणि काळ्या मातीच्या पट्ट्यातल्या बोअरचं इतकं जड की किटलीत पांढरा थर धरतो. मी नियम असा केलाय: टाकीतलं माप येणाऱ्या पाण्याच्या दुप्पट झालं की पाणी सोडायचं. ॲसिडनंतरच्या पाण्याला पीएच पट्टीही, ५ च्या खाली गेलं की बदल. टाकीच्या पत्र्यावर खडूने तारीख लिहायची, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही. गोव्याच्या त्या चौकटींनंतरची ही पद्धत.

शेवटचं पाणी, म्हणजे सुकवण्याआधीचं, डीएम (क्षार काढलेलं) पाणी असावं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार जॉब सुकल्यावर तिथेच राहतात. रंगातून हवेतली ओल आत झिरपते, क्षार ती ओढून धरतात आणि फोड येतो. पूर्ण टाकी डीएमची परवडत नसेल तर बारीक शॉवरने नुसतं वरून धुवा. शेवटी जॉबवरून ठिबकणाऱ्या थेंबाची वीजवाहकता (क्षार जास्त तर ती जास्त) ५० मायक्रोसिमेन्सच्या खाली आली की उत्तम.

रवाळ की मऊ

फॉस्फेटच्या आधीची ॲक्टिव्हेशनची टाकी बरेच जण पैसे वाचवायला काढून टाकतात. हिच्यात टायटॅनियमचं मीठ असतं, लिटरला साधारण एक ग्रॅम, पीएच ८ ते ९.५, जॉब अर्धा ते एक मिनिट. त्यातले सूक्ष्म कण लोखंडावर बसतात आणि प्रत्येक कणाभोवती एक स्फटिक वाढतो. कण जास्त तर स्फटिक जास्त आणि बारीक. दही लावताना विरजण ढवळून सगळीकडे पोचवतात, त्यातलाच प्रकार. ही टाकी नसेल, विशेषतः ॲसिडमधून आलेल्या मालाला, तर थर खरखरीत आणि विरळ होतो.

हे द्रावण नाजूक. जड पाणी त्याला मारतं, मागून आलेलं ॲसिड मारतं, आणि काहीच केलं नाही तरी काही दिवसांत ते आपोआप मरतं. डीएम पाण्यात बनवा, ठरलेल्या दिवशी फेका. यानंतर धुवायचं नाही, थेट फॉस्फेटमध्ये.

फॉस्फेटची टाकी

तापमान बहुतेक द्रावणांना ४५ ते ५५ अंश, वेळ तीन ते पाच मिनिटं. थंड चालणारी द्रावणंही येतात, त्यांना वेळ जास्त. टाकी स्टेनलेस ३१६ ची किंवा पीपीची, तळ उतरता, म्हणजे गाळ एका बाजूला जमतो. हीटर तळाला नको, गाळ त्यावर भाजून दगडासारखा बसतो. भाकऱ्या रचल्यासारखे पत्रे एकावर एक लावू नका, चिकटलेल्या जागी थर येत नाही.

रोज सकाळी, माल घालण्याआधी, तीन मापं.

टोटल ॲसिड: टाकीतलं १० मिली द्रावण पिपेटने फ्लास्कमध्ये घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे चार-पाच थेंब टाका, आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडत फ्लास्क फिरवत राहा. आधी गुलाबी झाक येऊन विरते. विरायची थांबली तिथे थांबा. लागले तितके मिली म्हणजे तितके पॉइंट.

फ्री ॲसिड: तेच १० मिली, पण दर्शक ब्रोमोफिनॉल ब्लू. पिवळ्यातून निळसर होऊ लागलं की थांबा. इथे एक-दोन मिलीतच काम होतं, म्हणून घाई केलीत तर माप चुकतं. दोघांचं गुणोत्तर पत्रकात दिलेल्या पट्ट्यात हवं. फ्री ॲसिड वाढलं तर लोखंड खाल्लं जातं पण थर पुरा बसत नाही. कमी झालं तर झिंक फॉस्फेट जॉबऐवजी पाण्यातच बसतं, म्हणजे गाळ आणि पांढरी भुकटी. वाढलेलं ॲसिड सोड्याने उतरवता येतं, पण आधी पाण्यात विरघळवून, बारीक धारेने, ढवळत. मूठ टाकलीत तर टाकी दुधासारखी होईल. एक पॉइंट वाढवायला आपल्या टाकीत फॉस्फेटचं केमिकल किती किलो लागतं हे एकदा स्वतः करून बघा: मोजा, दोन किलो घाला, अर्ध्या तासाने परत मोजा. तो आकडा भिंतीवर लिहा, आयुष्यभर पुरेल.

टोनर: वाकड्या नळीच्या सॅकरोमीटरमध्ये द्रावण तोंडाशी भरा, चिमूटभर सल्फॅमिक ॲसिड टाका, अंगठ्याने तोंड दाबून उलटं करा आणि परत सरळ करा. नायट्रोजन वायू वर जमतो. जितके मिली वायू तितके टोनर पॉइंट. बुडवायच्या टाकीला साधारण दोन ते चार. टोनर एकदम ओतू नका, दिवसभर थोडा थोडा, बारीक नळातून ठिबकत गेला तर सगळ्यात चांगलं.

नायट्राइट टाकी नुसती पडून राहिली तरी कमी होतं. गणपतीत बेळगाव अकरा दिवस कुणाच्या हातात नसतं, आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी हमखास पिवळा माल निघतो. कारण टोनर शून्य. सुट्टीनंतर आधी गाळ काढा, तिन्ही मापं घ्या, टोनर घाला, दोन भंगार पट्ट्या बुडवून बघा, मग गिऱ्हाईकाचा माल. टोनर घालताना द्रावण एकदम काळपट तपकिरी झालं तर घाबरू नका, टाकीत लोखंड साठलं होतं त्याची ती खूण. थोडा टोनर आणखी, थोडा वेळ, रंग निवळतो.

थराचं वजन महिन्यातून एकदा तरी लॅबकडून तपासून घ्या. रीत अशी: फॉस्फेट केलेली पट्टी वजन करायची, लिटरला ५० ग्रॅम क्रोमिक ॲसिडच्या ७५ अंशाच्या द्रावणात पंधरा मिनिटं ठेवून थर काढायचा, धुऊन सुकवून परत वजन. १०० बाय १५० मिमीच्या पट्टीच्या दोन्ही बाजू मिळून ०.०३ चौरस मीटर. वजनात ०.०७५ ग्रॅम फरक आला तर थर २.५ ग्रॅम प्रति चौरस मीटर. क्रोमिक ॲसिड कर्करोगकारक आहे, म्हणून हे शेडमध्ये करण्यापेक्षा लॅबमध्ये बरं. त्याच कारणाने फॉस्फेटनंतरच्या पॅसिव्हेशनला मी क्रोम सोडून बिनक्रोमचं द्रावण घेतलं. ती पायरी एका मिनिटाची, स्फटिकांमधल्या उघड्या फटी बुजवण्याची. तिच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सुकवणं आणि रंग

डीएम पाण्यातून निघालं की थेट ओव्हन, ११० ते १२० अंश, दहा-पंधरा मिनिटं. होपाइटच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, विनाकारण जास्त भाजू नये. नंतर उघड्या हाताने धरायचं नाही, सुती हातमोजे. घामाचं बोट रंगाखाली सहा महिन्यांनी दिसतं, अगदी बोटांच्या ठशासकट. रंग त्याच दिवशी. "उद्या मारू" म्हणून ठेवलेला माल पावसाळ्यात उद्या तसा राहत नाही.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तर लोखंडाचं काय. कणकुंबीकडून ढग येतात आणि उद्यमबागेत शेडच्या पत्र्याखाली पाणी गळतं. या दिवसांत ॲसिड ते फॉस्फेट या मधल्या प्रवासात जॉब हवेत थांबता कामा नये, चहाची सुट्टी लॉट ओव्हनमध्ये गेल्यावर. आणि करंट जातो. ॲसिडच्या टाकीवर हाताची चेन पुली असायलाच हवी. फॉस्फेटमध्ये जॉब अडकला तर थर झाला की प्रक्रिया मंदावते, फार बिघडत नाही. ॲसिड मात्र थांबत नाही.

कास्टिंगवाल्यांसाठी

बेळगाव फाउंड्रीचं गाव, म्हणून हे वेगळं. ओतीव लोखंड ॲसिडमध्ये घातलं की लोखंड विरघळतं आणि ग्राफाइट मागे राहतं, काजळीसारखं काळं, बोटाला लागणारं. त्यावर बसलेलं फॉस्फेट काजळीवर बसलेलं असतं, लोखंडावर नव्हे. कास्टिंगला ॲसिड नको. शॉट ब्लास्टिंग, मग डीग्रीसिंग, पाणी, ॲक्टिव्हेशन, फॉस्फेट. ब्लास्टिंग झालेला माल त्याच पाळीत टाकीत गेला पाहिजे. बारीक छिद्रांत पाणी आणि द्रावण अडकतं, ते पावडर भाजताना वाफ होऊन उसळतं आणि रंगात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. सुकवायला पत्र्याच्या दुप्पट वेळ द्या. तरीही भोकं पडली तर दोष फाउंड्रीचा आहे, आपला नव्हे, हे गिऱ्हाईकाला फोडलेला तुकडा दाखवून सांगा.

दिसलं काय, बिघडलं काय

चांगला थर करडा, एकसारखा, मॅट. चमकते बिनथराचे पट्टे म्हणजे तेल राहिलं, जवळपास दर वेळी. पिवळट-तपकिरी म्हणजे टोनर कमी, किंवा टाकीटाकीमध्ये जॉब हवेत थांबला. निळसर इंद्रधनुषी झाक आणि थर नाहीच, तर टोनर जास्त झालाय किंवा द्रावण थंड. खरखरीत, साखरेसारखे दाणे दिसले तर ॲक्टिव्हेशन मेलंय. पांढरी भुकटी हाताला लागली तर गाळ ढवळला जाऊन जॉबवर बसला, किंवा नंतरचं धुणं अपुरं. दोन खुणा एकत्र दिसल्या तर पहिल्या टाकीपासून तपासत या, शेवटच्या टाकीपासून नको.

जीव आणि सांडपाणी

सोडियम नायट्राइट दिसायला मीठ. विषारी आहे, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं, आणि जेवणाच्या मिठाशी गल्लत झाली तर जीव जातो. ते कुलुपात, मूळ डब्यातच, मराठी-कन्नड चिठ्ठी लावून. जेवणाचे डबे खाण्याची जागा वेगळ्या खोलीत. आणि नायट्राइटवर तीव्र ॲसिड पडू देऊ नका, तपकिरी धूर निघतो तो फुप्फुसं जाळतो. नायट्राइट आणि ॲसिड एका मांडणीवर नकोतच.

युनिट चालवायला कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. सांडपाणी चुन्याच्या निवळीने साधारण पीएच ९ ला आणलं की जस्त आणि फॉस्फेट दोन्ही खाली बसतात. क्रोम वापरत असाल तर त्याआधी ॲसिडी पाण्यात बायसल्फाइटने क्रोमचं रूप बदलावं लागतं, नुसत्या चुन्याने ते बसत नाही. फॉस्फेटचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे. पोत्यात भरून, वजन वहीत लिहून, परवानाधारक वाहतूकदाराकडेच द्यायचा.

मागे ऊस लावणारा एक पाव्हणा शेडवर आला होता. पोत्यांवर "फॉस्फेट" वाचून म्हणाला, "हे टाकूनच द्यायलाय नव्हं, मला द्या की, उसाला घालतो." त्याला एक पोतं उघडून दाखवलं. आत लोखंड, जस्त, कधी निकेलही, आणि या सगळ्यात उसाच्या मुळाला कामाचं फॉस्फेट नावालाच, कारण लोखंडाला बांधलेलं फॉस्फेट पाण्यात सहजी विरघळत नाही. त्याने थोडा वेळ बघितलं, बोट लावून वास घेतला, आणि जाताना त्याच्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सला फॉस्फेट करून पावडर मारायचं किती घेता विचारून गेला.